फेज गेला

‘फेज गेला’ असा निरोप सकाळी बाजारात फिरला, तेव्हा निम्म्या दुकानदारांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. पंखे फिरत होते. एकाने तर खात्रीसाठी बोर्डाला टेस्टर लावला, दिवा लागलेला पाहिला आणि निरोप आणणाऱ्यालाच सुनावलं, की आमच्याकडे तर आहे बाबा. निरोप आणणारा दारात नुसता उभा राहिला. मग त्या दुकानदाराच्या लक्षात आलं आणि तो टेस्टर हातात तसाच धरून स्टुलावर बसला.

फेज हे माणसाचं नाव होतं. म्हणजे खरं नाव दुसरंच होतं, पण हॉस्पिटलात पलंगाच्या पाटीवर ते लिहिलेलं पाहून भेटायला आलेले बाजारातले लोक आपण चुकीच्या वॉर्डात आलो असं समजून परत फिरले होते. दोघा भावांचं मिळून एक दुरुस्तीचं दुकान. टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, इन्व्हर्टर, वजनकाटे, ज्याच्या पोटात सर्किट बोर्ड असेल ते सगळं. थोरला तापट, आवाज मोठा, हात लावला की झटका बसायचा, म्हणून तो फेज. धाकटा गप्प. सगळा करंट त्याच्यातूनच परत जायचा, पण कुणाच्या ध्यानात यायचं नाही, म्हणून तो न्यूट्रल. ‘न्यूट्रलला हात लावला तरी काही होत नाही, आणि तो नसला तर काहीच चालत नाही,’ असं फेज गिऱ्हाइकांना सांगायचा. हे कौतुक आहे की आणखी काही, हे न्यूट्रलला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही. आता विचारायची सोयही राहिली नव्हती.

दोघांची कामाची पद्धत ठरलेली होती. बिघडलेला बोर्ड टेबलावर घ्यायचा. बटणं दाबायची, नॉब फिरवायचे, यंत्राला कामाला लावायचं ते फेजने. मीटरच्या दोन पिना बोर्डावर टेकवून आकड्याकडे बघायचं ते न्यूट्रलने. एकाच माणसाने बटणही दाबायचं आणि आकडाही बघायचा म्हटलं, तर पीन घसरते, नको तिथे टेकते आणि बोर्डाचा धूर होतो. म्हणून दोघं. दिवसभर त्यांचं बोलणं चालायचं ते असं: दाबू? दाब. किती? बारा. आता? बाराच. सोड. दुकानात बसलेल्या नवख्या माणसाला वाटायचं, यांचं काहीतरी बिनसलंय. तसं काही नव्हतं. दोघांना जे काही एकमेकांना सांगायचं असायचं, ते त्या आकड्यांत बसत होतं.

आता या धंद्यातली दोन वाक्यं सांगायला हवीत, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुरुस्तीवाल्याला बिघाड सापडला नसेल, तर तो गिऱ्हाइकाला म्हणतो, ‘होऊन जाईल.’ आणि बिघाड सापडला असेल, तर म्हणतो, ‘बघावं लागेल.’ गिऱ्हाईक पहिल्या वाक्याने खूश होतं आणि दुसऱ्याने काळजीत पडतं, म्हणजे नेमकं उलटं. पण लगेच सापडलं असं कबूल केलं, तर हे काय मोठं काम, असं गिऱ्हाइकाला वाटतं. म्हणून सापडल्यावर चेहरा लांब करायचा आणि म्हणायचं, बघावं लागेल. बाजारातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला हे माहीत, त्यांच्या घरच्यांनाही माहीत, आणि बाहेर कुणाला नाही.

डॉक्टर बाहेरचे होते. त्यांनी फेजच्या छातीचा फोटो खिडकीकडे धरला, खाली केला, पुन्हा धरला आणि म्हणाले, ‘बघावं लागेल.’

ते गेल्यावर फेज उशीवर मान टाकून हसला होता. ‘याला सापडलंय,’ तो न्यूट्रलला म्हणाला. त्यानंतर त्याने आजाराबद्दल कुणालाही काही विचारलं नाही. पलंगाचं डोकं वरखाली करणारं बटण अडकतंय, तेवढी तक्रार मात्र रोज केली.

विद्युतदाहिनीच्या सभागृहात जमिनीला स्क्रूने पक्के केलेले लांब बाक होते. समोर ट्रॉली, ट्रॉलीवर पांढऱ्या चादरीखाली फेज, आणि त्याच्या मागे भिंतीत बसवलेलं लोखंडी शटर. शटरच्या पलीकडे भट्टी. बाकांवर जवळजवळ सगळा दुरुस्ती बाजार बसला होता, कारण फेज ज्याच्याशी भांडला नव्हता असा माणूस बाजारात नव्हता, आणि भांडणाशिवाय त्याची ओळख पक्की होत नसे. माणसं रडू आवरताना इकडे तिकडे बघतात, आणि या माणसांनी इकडे तिकडे बघितलं की काहीतरी बिघडलेलं दिसतंच. विधी सुरू व्हायच्या आधीच कोपऱ्यातली फडफडणारी ट्यूब नीट झाली होती. भिंतीवरचं बंद घड्याळ कुणाच्या तरी मांडीवर उघडं पडलं होतं. ते करणाऱ्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हते.

भट्टी चालवणारा ऑपरेटर मध्यम वयाचा, शांत माणूस होता. रोज तेच काम करूनही तो चपला दाराबाहेर काढून आत यायचा. त्याने वहिनींना, म्हणजे फेजच्या बायकोला, हलक्या आवाजात विचारलं, की यांच्या अंगावर किंवा अंगात बॅटरी वगैरे काही नाही ना, भट्टीत फुटते. वहिनी म्हणाल्या, ‘खिसे बघा.’ फेजला त्याचाच कामाचा शर्ट घातला होता. त्यातून रिमोटचे दोन सेल, एक फ्यूज आणि कुठल्याही यंत्राला न लागणारा एक स्क्रू निघाला. ऑपरेटरने ते सगळं वहिनींच्या ओंजळीत दिलं. पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, की सेल नवे दिसतात. वहिनींनी मूठ मिटली.

मग सगळे उभे राहिले. वहिनींनी चादरीवरून एकदा हात फिरवला. ऑपरेटरने पॅनलवरचं हिरवं बटण दाबलं.

शटर घरघरत वर जायला लागलं. वीतभर गेलं. खालून नारिंगी उजेडाची पट्टी दिसली, ऊब पायांपर्यंत आली, आणि पॅनलचा पडदा एकदम काळा झाला. शटर धप्पकन खाली आलं. पडदा पुन्हा उजळला आणि त्यावर अक्षरं आली: ‘सुस्वागतम’.

ऑपरेटरने पुन्हा दाबलं. वीतभर वर, काळोख, धप्प. सुस्वागतम. तिसऱ्यांदाही तेच. दरवाजा उघडतोय असं वाटायचं आणि आपटायचा, आणि प्रत्येक वेळी ते यंत्र सगळ्यांचं आदराने स्वागत करायचं. न्यूट्रल चादरीकडे बघत होता. दादा असता, तर पॅनलवर एक चापट मारून म्हणाला असता, की आधी आत घे, मग स्वागत कर.

ऑपरेटर बाहेर जाऊन फोन करून आला. यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा माणूस परगावी होता, पुढे सुट्ट्या लागून आल्या होत्या, त्या संपल्याशिवाय कुणी येणार नव्हतं. तोवर, तो खाली बघत म्हणाला, यांना परत हॉस्पिटलच्या शीतगृहात न्यावं लागेल. गाडी बोलावतो.

‘नाही,’ वहिनी म्हणाल्या. ‘परत त्या कपाटात नाही. पंखा मोठा केला तरी त्यांना खोकला यायचा. आज म्हणजे आज.’

त्या एवढंच बोलून बाकावर बसल्या. ऑपरेटर बिचारा हात जोडून उभा राहिला, कारण त्याच्या हातात तेवढंच होतं. त्याच्या मागे मात्र सभागृहात हळूहळू एक आवाज सुरू झाला. खिसे चाचपण्याचा.

अंत्यविधीला येताना माणूस सहसा स्क्रूड्रायव्हर आणत नाही. हे आणत होते असंही नाही. तो त्यांच्याकडे असायचाच, जसा इतरांकडे रुमाल असतो. पॅनलच्या झाकणावर कागदी सील होतं, ‘उघडल्यास हमी रद्द’. ऑपरेटरने त्यावर दोन्ही हात ठेवले आणि सांगितलं, की बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही असा नियम आहे. रिमोटवाले काका बाजारात सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, की ट्रॉलीवरच्या माणसाने आयुष्यभर दुसरं काहीच केलेलं नाही, हीच सीलं फोडली. तेव्हा त्याच्यासाठी एखादं फोडलं, तर ते विधीतलंच समज. ऑपरेटरने थोडा विचार केला आणि हात काढले. शिवाय, तो म्हणाला, हमी गेल्याच वर्षी संपलीय.

झाकण निघालं. आतली मांडणी साधी होती. भिंतीतून आलेला करंट एका जाळीदार डब्यात शिरायचा आणि चोवीस व्होल्ट होऊन बाहेर पडायचा. हे चोवीस शटरच्या मोटरला आणि रिलेंना, म्हणजे मोटरा चालू-बंद करणाऱ्या खटक्यांना. त्यातलेच थोडे पुढे मुख्य बोर्डावर जायचे, तिथे त्यांचे पाच व्हायचे, आणि त्या पाचांवर यंत्राचा मेंदू आणि ‘सुस्वागतम’ चालायचं. मेंदू बेशुद्ध पडत होता, म्हणजे त्याला कुठून तरी पुरेसं मिळत नव्हतं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. या बाजारात एवढं एकमत पूर्वी कधी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मग मापणं सुरू झालं. रिमोटवाल्या काकांनी पिना टेकवल्या: चोवीस पूर्णांक एक. पाचचे पाच. बरोबर. पंखेवाल्याने त्यांना बाजूला करून आपलं मीटर लावलं: तेवीस पूर्णांक आठ. हे कमी आहे, तो म्हणाला, हाच बिघाड. मिक्सरबाईंनी, म्हणजे त्याच्या समोरच्याच गाळ्यात मिक्सर दुरुस्त करणाऱ्या आणि त्याच्याशी गेली कित्येक वर्षं अबोला धरलेल्या बाईंनी, कुणालाही उद्देशून न बोलता सांगितलं, की काही लोकांची मीटरं त्यांच्यासारखीच असतात, कायम थोडी कमी दाखवतात. मग कुणाचं मीटर खरं यावर वाद झाला. तो मिटवायला एक नवा सेल हवा होता, कारण नव्या सेलचे व्होल्ट किती ते सगळ्यांना माहीत असतं. वहिनींनी मूठ उघडून फेजच्या खिशातला सेल पुढे केला. प्रत्येकाने त्यावर आपापलं मीटर तपासलं, रांगेने, मान खाली घालून, एकेक जण पुढे होत. दारातून कुणी पाहिलं असतं, तर त्याला वाटलं असतं, ही माणसं शेवटचं दर्शन घेतायत. तसं ते होतंही.

सगळी मीटरं जवळपास खरी निघाली. शटर थांबलेलं असताना सगळे व्होल्ट बरोबर निघाले. आणि बटण दाबलं की शटर वीतभर जाऊन आपटत होतं. एक जण म्हणाला, होऊन जाईल. दुसराही म्हणाला, होऊन जाईल. सभागृहभर तेच वाक्य फिरलं, आणि वहिनींनी डोळे मिटले, कारण त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

न्यूट्रल इतका वेळ ट्रॉलीपाशी उभा होता. पॅनलकडे यायला त्याला कुणी म्हटलं नाही; भावाला आजच्या दिवशी काय काम सांगायचं. पण तो आला. माणसं बाजूला झाली. त्याने आपलं मीटर काढलं, गुडघ्यांवर बसला, काळी पीन चोवीसच्या उण्या टोकावर टेकवली, लाल अधिकवर. चोवीस. कुठेही काही बिघडलेलं नसताना असतो, तसा स्थिर आकडा. त्याने नजर आकड्यावर रोवली, श्वास रोखला, आणि दिवसातून शंभरदा बोलत असे ते बोलला.

‘दादा, दाब.’

घड्याळवाल्याच्या मांडीवरून एक चकती घरंगळत गेली, तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला. न्यूट्रलचे हात तिथेच राहिले. पिना हलल्या नाहीत, पण मान हळूहळू वर झाली आणि ट्रॉलीकडे वळली. रिमोटवाल्या काकांनी चष्मा काढला. कुणी कुणाकडे बघेना.

फक्त ऑपरेटरला काही कळलं नाही. त्याला दिवसभर सगळे दादाच म्हणत. नाव माहीत नसलेल्या माणसाला आणखी काय म्हणणार? आपल्यालाच सांगितलं असं समजून तो लगबगीने पुढे झाला.

‘दाबू?’ त्याने विचारलं.

न्यूट्रलने मान पुन्हा मीटरकडे वळवली.

‘दाब,’ तो म्हणाला.

ऑपरेटरने दाबलं. मोटर घरघरली आणि न्यूट्रलच्या डोळ्यांसमोर चोवीसचे वीस झाले, सतरा झाले, चौदा झाले. पडदा काळा. धप्प. आणि लगेच पुन्हा चोवीस, जणू काही झालंच नाही. सुस्वागतम.

झालं. सापडलं. बसल्या जागी सगळं ठीक, ओझं पडलं की खाली बसायचं. चोवीस व्होल्टच्या डब्यात तोंडाशीच एक कंडेन्सर उभा होता. अचानक मागणी आली की आपल्या पोटातलं देऊन वेळ निभावून न्यायची, हे त्याचं काम. तो भट्टीच्या धगीने आतून सुकला होता. वरून चांगला दिसत होता, टोपी किंचित फुगलेली, एवढंच. दुसरा लावायचा. चहा निवेपर्यंतचं काम.

न्यूट्रल तसाच बसून राहिला. त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं, आणि ते त्याला स्वतःलाही ऐकवत नव्हतं. धंद्याचा नियम आहे, दुरुस्ती होईपर्यंत वस्तू दुकानातच राहते. बिघाड सांगितला की दुरुस्ती होणार, दुरुस्ती झाली की शटर उघडणार. मग उद्या दुकान उघडायचं, टेबलाशी बसायचं, पिना टेकवायच्या आणि दाब म्हणायला समोर कुणी नसणार. चादरीखाली का होईना, आत्ता दादा इथे होता. मागे, चार पावलांवर. काय बिघडणार होतं थोडं थांबलं तर? सुट्ट्या काय, संपतातच. आयुष्यात पहिल्यांदा एखादा बोर्ड दुरुस्त होऊ नये असं त्याला वाटलं, आणि इतकं मनापासून वाटलं, की त्याने पिना काढून घेतल्या.

‘काय रे?’ रिमोटवाल्या काकांनी विचारलं. ‘काय म्हणतोय?’

न्यूट्रलने चेहरा लांब केला.

‘बघावं लागेल,’ तो म्हणाला.

दुसऱ्या कुठल्याही सभागृहात ते खपून गेलं असतं. इथे प्रत्येक माणसाने ते वाक्य आयुष्यभर स्वतः वापरलेलं होतं. काकांनी खोकल्यासारखं केलं आणि ते छताकडे बघायला लागले. पंखेवाल्याला काहीतरी म्हणायचं होतं. मिक्सरबाईंनी त्याचा शर्ट मागून ओढला, अबोला न मोडता. याला सापडलंय, हे बाकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत कळलं, आणि तो का सांगत नाही तेही कळलं. आणि कुणी विचारेना. एक एक जण परत आपल्या जागी जाऊन बसला. ऑपरेटर तेवढा गोंधळून विचारत राहिला, की म्हणजे गाडी बोलावू का?

वहिनी उठून आल्या आणि पॅनलसमोर, न्यूट्रलच्या शेजारी फरशीवरच बसल्या. थोडा वेळ दोघं त्या उघड्या डब्याकडे बघत राहिले. लांबून वाटलं असतं, त्यांनाही त्यातलं काही कळतंय.

‘भावजी,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘कुठलं आहे?’

न्यूट्रलने बोटाने दाखवलं. त्या निळ्या, टोपी फुगलेल्या डबीकडे वहिनींनी निरखून पाहिलं.

‘एवढंसं?’

‘एवढंसंच असतं, वहिनी.’

‘मी पण तेच केलं,’ वहिनी म्हणाल्या. ‘डॉक्टर म्हणायचे, आता काही नको करायला. मी म्हणायची, अजून एक तपासणी करा. रक्ताची करा, परत फोटो काढा. काय निघणार ते मला ठाऊक होतं. तपासणी चालू आहे तोवर ते आहेत, असं वाटायचं. सुया त्यांनी खाल्ल्या आणि बरं मला वाटत होतं.’ त्यांनी पदराने नाक पुसलं. ‘शेवटी तेच म्हणाले, अगं, मीटर बाजूला ठेव.’

न्यूट्रलच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा म्हणावा तर नव्हता.

‘तुम्हाला वाटत असेल तर थांबू,’ वहिनी म्हणाल्या. ‘मी बोलावते गाडी. पण त्या थंडीत ते एकटे राहणार, आणि आपण घरी पांघरुणात. मला झोप येणार नाही. तुम्हाला येईल का बघा.’

त्या उठल्या नाहीत, वाट बघत बसल्या. भट्टीची ऊब शटरखालून येत होती. न्यूट्रलने मीटर जमिनीवर ठेवलं, तळवे पँटला पुसले आणि मागे न वळता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘चोवीसचा कंडेन्सर गेलाय. हजार मायक्रोफॅरडचा लागेल. आहे का कुणाकडे?’

पुन्हा खिशांचा आवाज झाला. हजारचा कुणाकडेच नव्हता. पंखेवाल्याकडे चारशे सत्तरचा एक निघाला. तसाच एक मिक्सरबाईंच्या पर्समध्ये, आरसा आणि कंगव्याच्या मध्ये. शेजारीशेजारी जोडले की दोन्ही मिळून जवळपास हजार होतात. दोघांनी ते एकाच वेळी पुढे केले, दोघांनी एकमेकांच्या तळहातांकडे पाहिलं आणि एका दमात दुसरीकडे तोंडं फिरवली. सोल्डरिंग आयर्न बाहेर कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत होतीच. मेन स्विच पाडला, जुन्या कंडेन्सरमध्ये उरलासुरला करंट होता तो काढला, डबा बाहेर घेतला.

‘डाग कोण देणार?’ काकांनी विचारलं.

सोल्डरला त्यांच्या पिढीत डाग म्हणतात. प्रेताला अग्नी देण्यालाही काही जुनी माणसं तोच शब्द वापरतात. काकांनी तो पहिल्या अर्थाने वापरला होता, पण तोंडातून बाहेर पडल्यावर सभागृहाने तो दुसऱ्या अर्थाने ऐकला, आणि मग काकांनीही तसाच ऐकला आणि ते ओशाळले.

‘धाकटा भाऊ देईल की,’ पाठीमागून कुणी म्हातारं म्हणालं. ‘दुसरं कोण देणार?’

दोन्ही अर्थांनी ते बरोबर होतं. न्यूट्रलने सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. जुना कंडेन्सर उपटला, पाय साफ केले, दोन नवे एकमेकांना चिकटवून उभे केले आणि डाग दिले. राळेचा तो ओळखीचा धूर वर गेला. अख्ख्या बाजाराने तो नाकात भरून घेतला. त्या धुरात बऱ्याच जणांना रडता आलं, कारण धुराने डोळ्यांत पाणी येतं हे सगळ्यांना पटण्यासारखं असतं.

स्विच वर केला. सुस्वागतम. भट्टी पुन्हा तापेपर्यंत बाकीचे बाकांवर जाऊन बसले.

‘दोन वेगवेगळ्या घरचे आहेत, एकमेकांना धरतील की नाही सांगता येत नाही,’ काका म्हणाले. ते कंडेन्सरबद्दल बोलत होते. ‘मधेच व्होल्ट पडले तर शटर खाली येईल, आणि ट्रॉली अर्ध्यात असेल तर…’ त्यांनी वाक्य सोडून दिलं. आकड्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी होती. चौदाकडे जातोय असं दिसलं की ओरडायचं आणि ऑपरेटरने ट्रॉली मागे ओढायची. काका म्हणाले, मी बसतो, तू तिकडे उभा राहा वहिनींजवळ. न्यूट्रलने मान हलवली. मीटर बघायचं काम आपलं आहे, एवढंच तो म्हणाला.

पॅनल बाजूच्या भिंतीत होतं. त्याच्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाला शटर दिसत नाही, ट्रॉलीही दिसत नाही. त्याने पिना टेकवल्या. पाठीमागे माणसं उभी राहिल्याचा आवाज आला.

‘दाबू?’ ऑपरेटरने शेजारून विचारलं.

‘दाब.’

मोटर घरघरली. चोवीसचे तेवीस पूर्णांक चार झाले, आणि तिथेच थांबले. म्हणजे शटर वर चाललं होतं. वीतभर, मग कंबरेएवढं. भिंतीवर नारिंगी उजेड पसरला. आकडा परत चोवीसवर आला, म्हणजे शटर पूर्ण उघडून उभं होतं. रिले खट्टकन लागला आणि आकडा केसभर खाली गेला: ट्रॉली निघाली. चाकं रुळावरून सरकल्याचा आवाज न्यूट्रलने ऐकला, पण तो वळला नाही. वळला असता तर पीन घसरली असती. आकडा तेवीस पूर्णांक आठवर तरंगत राहिला. दादाचं वजन एवढं. मग ते वजन मोटरवरून उतरलं आणि आकडा चोवीसवर चढला. ट्रॉली रिकामी मागे आली, आता आकडा नीट हललाही नाही. शेवटचा रिले लागला, शटर खाली यायला लागलं, आणि या वेळी आपटलं नाही, हळूच टेकलं.

भिंतीवरचा उजेड गेला. कुणीतरी, बहुधा वहिनींनी, मागून विचारलं, ‘किती?’

‘चोवीस,’ न्यूट्रल म्हणाला.

काम झालं होतं. पिना काढायला हरकत नव्हती. तो धरून बसला. आकडा जरासा तरी हलावा असं त्याला वाटत होतं. डाग चांगले बसले होते. तो हलला नाही.